एकटीचा चौकोन

५ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

या नावाने हाक मारायची नाही, असं तू घर सोडताना बजावलं होतंस. पाकिटावर तुझं चांगलं नाव घातलं आहे, त्यामुळे पोस्टमनला काही कळायचं नाही. आतल्या कागदावर मला मोकळीक असू दे. फोनवर तू माझा नंबर बंद करून ठेवला आहेस, म्हणून हा कागदाचा खटाटोप.

आज तू माझ्या टेबलावर आलीस. आम्हाला नावं कळत नाहीत. दवाखान्याच्या स्थूलता विभागाकडून येणाऱ्या यादीत वय, वजन, धंदा आणि चौकोन एवढंच असतं. खाणीमागच्या चौकोनातली एक बाई, माझ्याहून चार वर्षांनी लहान, धंद्याच्या रकान्यात ‘ध्वनिमुद्रणासाठी आवाज देणे’. शहरात आवाज विकून पोट भरणाऱ्या बायका असतील तीन-चार, आणि पोट एवढं भरलेली एकच. एकशे एकतीस किलो. घर सोडलंस तेव्हा मी मनाशी जो अंदाज बांधला होता त्याच्याही पुढे गेलीस. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, तेव्हा याचं श्रेय पूर्णपणे तुझं.

पोट लहान करायच्या शस्त्रक्रियेसाठी तू नाव घातलंस, चांगलं केलंस. पण एक गोष्ट तुला माहीत असावी म्हणून लिहिते आहे. आम्ही शहराचे चौकोन पाडतो आणि पुढच्या काही वर्षांत कुठे वजनं वाढतील, कुठले रुग्ण उपचार अर्ध्यावर सोडतील, याचा नकाशा करतो. टिकणारे हिरवे, सोडणारे लाल. शस्त्रक्रियेची टेबलं थोडी आणि रांग लांब, म्हणून तो विभाग आमचा नकाशा समोर ठेवूनच माणसं निवडतो. लाल चौकोनातल्या माणसाला मनाच्या तपासणीत जास्त गुण मिळवावे लागतात. तुझा चौकोन लाल आहे. नुसता लाल नाही, चांगला लालभडक.

आणि तो लाल का आहे, हे ऐकशील तर तुलाही हसू येईल. तुझ्या त्या नव्या इमारतीभोवती खाण, गोदामं आणि ओसाड जागा. त्या अख्ख्या चौकोनात आमच्या यादीतली तू एकटीच. दीड वर्षापूर्वी तू विभागाच्या आहार-व्यायामाच्या वर्गाला नाव घातलंस आणि अर्ध्यावर सोडलंस. म्हणजे त्या चौकोनातले शंभर टक्के रुग्ण उपचार सोडून जातात. एरवी जिथे माणसं कमी तिथे आम्ही शेजारच्या चौकोनांचा आकडा थोडा मिसळतो, म्हणजे एकट्यादुकट्यामुळे रंग बिघडत नाही. पण गेल्या वर्षी मीच साहेबांच्या मागे लागून ही मिसळ कमी करायला लावली. सगळं एकात एक कालवलं की नकाशा गुळगुळीत दिसतो आणि खरं काही कळत नाही. साहेबांनी भर बैठकीत माझं कौतुक केलं होतं.

थोडक्यात, तू स्वतःच्याच रंगात अडकली आहेस. आधी तू चौकोन लाल केलास, आता चौकोन तुला लाल म्हणतो.

बाबा बरे आहेत, म्हणजे होते तसेच आहेत. उजवी बाजू हलत नाही, जीभ हलते. तुझ्याबद्दल विचारतात. मी सांगते, तिचा आवाज रोज लिफ्टमध्ये ऐकते, ठणठणीत आहे. खोटं नाही ते. आमच्या इमारतीत अजून तूच मजले सांगतेस. आणि गर्दी झाली की तूच म्हणतेस, ‘वजन मर्यादेपेक्षा जास्त झालं आहे. शेवटी आलेल्यांनी कृपया बाहेर यावं.’ हे वाक्य तुझ्याकडून वदवून घेणारा माणूस मला भेटायला हवा होता. आमचे साहेब म्हणतात, काय नाजूक आवाज आहे, मुलगी कशी वेलीसारखी असेल. मी मान डोलावते.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

प्रिय ढब्बू,

दोन वर्षांनी तुझं पत्र, आणि त्यात जेमतेम चार ओळी. त्यातली एकही ‘बाबा कसे आहेत’ अशी नाही.

झोपेत तुझा श्वास थांबतो हे मला माहीत नव्हतं. मुखवटा लावून झोपावं लागतं हेही नाही. आणि वाक्य संपायच्या आधी दम संपतो, म्हणून कंपनीवाले आता यंत्राचा आवाज बसवायच्या गोष्टी करत आहेत, हे वाचून वाईट वाटलं. खरंच वाटलं. डॉक्टर म्हणाले शस्त्रक्रिया लांबवू नका, असं तू लिहिलं आहेस. डॉक्टर सगळ्यांनाच असं म्हणतात, पण तुझ्या बाबतीत खरं असू शकेल.

तू माझ्याकडे एक वाक्य मागितलं आहेस. विभागाला लेखी कळवायचं की त्या चौकोनात रुग्ण एकच आहे, तेव्हा रंग धरू नये. एवढंच. तुला वाटतं तेवढं ते सोपं नाही. आज मी बहिणीसाठी एक चौकोन पुसला, तर उद्या साहेबांचा साडू येईल, परवा शिपायाची मेहुणी. नकाशा अशानेच नासतो.

पण मी तुझी बहीण आहे, दगड नाही. म्हणून दुसरी वाट सांगते. घरी ये. तुझी खोली तशीच आहे. आपल्या गल्लीचा चौकोन हिरवा आहे, इतका हिरवा की त्यातून कोणीही पास होईल. या पत्त्यावरून पुन्हा नाव घाल, म्हणजे ना मला कोणाला काही लिहावं लागेल, ना तुला माझे उपकार घ्यावे लागतील. बाबांना सांभाळायला ठेवलेली बाई गेल्या महिन्यात निघून गेली. त्यांना कुशीवर वळवायला मला एकटीला जमत नाही. माझी कंबर गेली आहे. तुझ्या अंगात ताकद आहे, ती नाहीतरी वायाच जाते.

कपाटाला कुलूप होतं म्हणून तू घर सोडलंस असं मावशी सगळीकडे सांगते. लोकांना वाटतं मी तुला उपाशी मारत होते. साखर, बिस्किटं आणि लोणी एवढंच त्या कपाटात असायचं, आणि किल्ली माझ्याकडे असायची ती तुझ्याच भल्यासाठी. रोज सकाळी बाबांसमोर काट्यावर उभं करायचे तेही तुझ्याच भल्यासाठी. समोर माणूस असलं की माणूस शिस्तीत राहतं. तू मात्र मागच्या जिन्यात बसून पाव खायचीस आणि तुकडे माझ्याच चपलांशेजारी सांडायचीस.

रविवारी आलीस तरी चालेल. कळव म्हणजे मी घरी थांबेन.

ताई

११ मार्च

प्रिय ढब्बू,

तू आली नाहीस, पण तुझ्या निमित्ताने मलाच जावं लागलं. स्थूलता विभागातल्या मानसतज्ज्ञ बाईंनी घरच्या माणसाची मुलाखत म्हणून मला बोलावलं. तू अर्जावर घरची म्हणून माझंच नाव दिलं होतंस. मला बरं वाटलं. मग कळलं की तो रकाना रिकामा ठेवता येत नाही.

बाई वयाने लहान आहेत. आवाज इतका मऊ की समोरच्याला उगाच काहीतरी सांगावंसं वाटतं. खोलीत दोन खुर्च्या, एक बिनहातांची, रुंद. ती तुझी असणार. मी दुसरीवर बसले. मी कुठे काम करते हे मी सांगितलं नाही, पण त्यांना माहीत होतं. नकाशावरच्या माझ्या सहीमुळे, म्हणाल्या.

त्यांनी विचारलं, मी उत्तरं दिली. ती लपून खाते का? खाते. रडल्यावर खाते की खाल्ल्यावर रडते? दोन्ही. हाती घेतलेलं काम पुरं करते का? मी म्हटलं, गाण्याचा क्लास सोडला, पोहणं सोडलं, ठरलेलं लग्न सोडलं, घर सोडलं, तुमचा वर्ग सोडला. मी एकही शब्द खोटा बोलले नाही. तू त्या खोलीत असतीस तर तुलाही मान डोलवावी लागली असती. लग्नाचं ऐकून त्यांनी ते का मोडलं विचारलं. मी म्हटलं, मुलाकडच्यांना मी तिचं खरं वजन सांगितलं, लपवाछपवी करून संसार होत नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मला वाटतं माझा प्रामाणिकपणा त्यांना आवडला.

मग त्यांनी नकाशा काढला. तुझ्या चौकोनावर बोट ठेवलं. हे मी तुला जसंच्या तसं लिहिते, म्हणजे उद्या कोणाकडून तिखटमीठ लावून तुझ्या कानावर यायला नको.

त्या म्हणाल्या, “हा चौकोन किती रुग्णांवरून लाल झालाय? मला एवढं एकच कळलं तर बरं होईल.”

मी म्हटलं, “आकडे गोपनीय असतात.”

“पाच असतील तर मी रंग धरीन. एक-दोन असतील तर सोडून देईन. फक्त कमी की जास्त एवढं सांगा.”

मी म्हटलं, “तेही गोपनीयच.”

नियम तसाच आहे. थोडी माणसं असलेल्या चौकोनाचा आकडा बाहेर द्यायचा नाही, नाहीतर माणूस ओळखू येतो. तो नियम तुझ्यासारख्यांची लाज राखायलाच केला आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. शेवटी त्यांनी कागद फिरवला आणि विचारलं, ती घरी परत आली तर तुम्ही आधार द्याल का? मी म्हटलं, मी दुसरं काय करत आले आहे?

घरी आले आणि बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी डावा हात उचलून भिंतीकडे तोंड केलं. हल्ली ते असं करतात.

त्या एका वाक्याबद्दल मी अजून विचार करते आहे. तू घरी येऊन समोर बसलीस तर विचार लवकर होईल.

ताई

२ एप्रिल

प्रिय ढब्बू,

निकाल माझ्याकडेही येतो, आमच्या यादीत. तुला वर्षभर पुढे ढकललं आहे. ‘मानसिक तयारी अपुरी, भागाचा कल प्रतिकूल.’ वाईट वाटून घेऊ नकोस. वर्ष काय, असं निघून जातं. आता तरी तुला कळलं असेल की या शहरात तुझ्यासाठी हिरवा पत्ता एकच आहे.

पण पत्र लिहायला बसले ते यासाठी नाही. काल त्या मानसतज्ज्ञ बाई आमच्या कार्यालयात आल्या. चौथ्या मजल्यावर, लिफ्टने. दारातून आत आल्या त्याच मुळी, “तो आवाज त्यांचाच ना?” असं म्हणत. मी हो म्हटलं. पलीकडच्या टेबलावरून साहेबांनी मान वर केली. वेलीसारख्या मुलीबद्दलचं त्यांचं स्वप्न तिथे संपलं बिचाऱ्यांचं.

बाईंच्या हातात आमच्या कार्यालयाच्या सादरीकरणाची छापील प्रत होती. लोकांना नकाशा कळावा म्हणून मी ते तयार केलं होतं, तीन वर्षं ते सगळीकडे फिरतं आहे. शाळांत, दवाखान्यांत, पाहुण्यांसमोर. त्यांनी तिसरं पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. ‘लाल चौकोनातला माणूस’ असं वर लिहिलेलं आणि खाली एका बाईचा पाठमोरा फोटो. दोन्ही हात वर करून दोरीवर चादर टाकते आहे, सदरा वर सरकला आहे, कमरेवरच्या वळ्या दिसतात.

“हा फोटो कुठला?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, पाठ कोणाचीही असू शकते, चेहरा मुद्दामच घेतलेला नाही.

“त्यांनी दोरी ओळखली,” त्या म्हणाल्या. “तुमच्या गच्चीवरची. चादरही. वर्गात वीस जणांसमोर हे पान आलं, लोक हसले, आणि त्या उठून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. वर्ग का सोडला हे त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. फोटो कोणी काढला ते सांगितलं नव्हतं. ते मी मुलाखतीनंतर विचारलं, तेव्हा सांगितलं.”

आता तूच सांग, यात मी काय केलं? फोटो चांगला आहे. सकाळचं ऊन आहे, माणूस काम करतं आहे. लोक फोटोला हसतात, तुला नाही. ज्यांना तू ठाऊकच नाहीस ते तुला कसे हसतील? तू तोंड मिटून बसली असतीस तर कोणालाही कळलं नसतं. उठून गेलीस म्हणून कळलं. आणि उठून गेलीस म्हणूनच तर चौकोन लाल झाला.

हे मी बाईंना असंच्या असं म्हटलं. साहेब ऐकत होते. बाईंनी पान मिटलं. म्हणाल्या, फेरविचारासाठी मी अर्ज केलाय, त्याला तुमच्या कार्यालयाचं एक लेखी वाक्य जोडायचंय, त्या चौकोनात रुग्ण किती एवढंच. त्यांच्याकडे वेळ फार नाही, म्हणाल्या. तुझ्याकडे, म्हणजे. साहेबांनी माझ्याकडे बघून खांदे उडवले, तुम्हीच ठरवा म्हणाले. नकाशा माझा आहे ना.

तेव्हा मी ठरवलं आहे. रविवारी घरी ये. मी कागद टेबलावर तयार ठेवते, तुझ्यासमोर वाक्य लिहिते, सही करते. हवं तर तूच ते विभागात नेऊन दे. त्या बदल्यात मला काही नको. फक्त येऊन ताई म्हण, आणि बाबांजवळ बस. दोन वर्षांत त्यांना कोणी हसवलेलं नाही, मला ते जमत नाही. कपाटाचं कुलूप काढलं आहे. किल्ली खिळ्यावर टांगली आहे ती नुसती सवय म्हणून.

तुझ्याहून माझी मान वर राहावी म्हणून मी हे करते असं तुला वाटत असेल तर तसं नाही. मला एवढंच हवं आहे की तू मागावंस.

ताई

रविवार, संध्याकाळ

ढब्बू,

सकाळी सगळं घर आवरलं. बाबांची दाढी केली, त्यांनी धड करू दिली नाही, हनुवटीला कापलं. जेवण दोघींच्या अंदाजाने केलं, म्हणजे तुझी भूक धरून तिघींच्या. जिन्यात पावलं वाजली की बाबा दाराकडे बघायचे. दोन वेळा वरचे भाडेकरू होते आणि एकदा वीजमीटर बघणारा.

कागद अजून टेबलावर आहे. कोरा. तू आली असतीस तर एव्हाना लिहून झाला असता. तुझा हट्ट मोठा की श्वास मोठा हे तुझं तूच ठरव. मी उद्या तो कागद खणात टाकणार.

उरलेलं जेवण टाकून दिलं. तुझ्या वाट्याचं कोणाला संपवता येणार होतं?

३० जून

हे पत्र कुठे पाठवायचं ते मला माहीत नाही, तरी लिहिते आहे.

मागची दोन पाकिटं परत आली. वर ‘येथे राहत नाही’ एवढंच. हस्ताक्षर तुझं नाही.

तिमाहीचा नवा नकाशा आज काढला. खाणीमागचा चौकोन हिरवा झाला आहे. मी पुन्हा काढून पाहिला, हिरवाच. साहेब आनंदाने टेबलाशी आले, म्हणाले, बघा, एवढा लालभडक भाग एका तिमाहीत सुधारला, याची बातमी द्यायला हवी, लोकांना दाखवायला एखादा चांगला फोटो शोधा. मी त्यांना सांगितलं की तिथे कोणीही बारीक झालेलं नाही. त्या चौकोनात आता आपल्या यादीतलं कोणीच उरलं नाही, आणि जिथे कोणीच नाही तिथला रंग पूर्णपणे शेजाऱ्यांचा धरतात. शेजारच्या चौकोनात मैदानाजवळची वसाहत आहे, ती हिरवी. ते म्हणाले, कसा का होईना, झाला ना हिरवा.

तुझ्या ओळीपुढे ‘कमी’ असं लिहिलं आहे. पूर्वी तिथे दोन रकाने होते, ‘स्थलांतर’ आणि ‘मृत्यू’. ते दोन्ही मी एकत्र केले, त्याच वर्षी, ज्या वर्षी मिसळ कमी केली. रुग्ण दुसऱ्या गावी गेला काय आणि वारला काय, नकाशाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच. आकडेमोड सुटसुटीत होते. जुने कागद विभाग ठेवत नाही, तसं मीच त्यांना लिहून दिलं होतं, एकच रकाना भरून पाठवा म्हणून. तेव्हा त्या ‘कमी’कडे कितीही वेळ बघत बसलं तरी पुढे काही कळत नाही. मी बसले होते.

मग मी तुझ्या इमारतीत गेले. पहिल्यांदाच. तुझ्या दाराला नवं कुलूप आहे, खिडकीतून आत रिकामी खोली दिसते, भिंतीवर पलंगाची खूण. आवाज घुमू नये म्हणून तू कोपऱ्यात रजया टांगल्या असशील, त्यांचे खिळे आहेत. खालच्या मजल्यावरच्या माणसाने सांगितलं, एक मोठी गाडी आली होती, त्या बाईंना चौघांनी धरून खाली आणलं. मी विचारलं, गाडी सामानाची होती की दवाखान्याची? तो म्हणाला, मी जिन्यातलं बघितलं, गाडीचा नुसता आवाज ऐकला. मी विचारलं, ती बोलत होती का? तो म्हणाला, लक्षात नाही. मला त्याचं थोबाड फोडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत माझा हात कोणावर उठलेला नाही.

तिथून स्थूलता विभागात गेले. बाईंच्या खोलीत त्याच दोन खुर्च्या. बसायला सांगितलं तेव्हा मी रुंद खुर्चीवर बसले, का ते माहीत नाही. मी खणातला कागद बरोबर नेला होता. त्यावर आता वाक्य लिहिलेलं होतं, सही आणि शिक्का होता. ‘या चौकोनात एकच रुग्ण आहे.’ मी तो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी वाचला आणि बाजूला सारला. म्हणाल्या, आता याचा उपयोग नाही.

मी विचारलं, “ती आहे ना?”

त्या म्हणाल्या, “त्यांनी लेखी दिलंय, घरच्यांना काहीही कळवायचं नाही. कुठल्याही परिस्थितीत. जवळची व्यक्ती म्हणून त्यांनी तुमचं नाव खोडून दुसरं दिलंय.”

“मी फक्त आहे की नाही एवढंच विचारते आहे. एकच शब्द.”

“ते गोपनीय असतं,” त्या म्हणाल्या. रागाने नाही. त्याच मऊ आवाजात. “तुम्हाला नियम माहीत आहे.”

मी बराच वेळ त्यांच्या चेहऱ्यावर शोधत होते. जिवंत माणसाबद्दल बोलताना चेहरा कसा असतो आणि गेलेल्याबद्दल कसा, हे कळायला हवं होतं मला. नाही कळलं. माझं शिक्षण आकड्यांचं.

तू गेली असशील, म्हणजे दुसऱ्या गावी, तर तिथे नकाशा लावत नसतील अशी आशा आहे. तिथे कोणीतरी तुला समोर बसवून विचारलं असेल, आणि तू सांगितलं असशील, आणि तेवढ्यावर भागलं असेल. मला तसं वाटतं. पण तुझं वय, वजन, झोपेतला श्वास हे सगळं मांडून मी अंदाजही काढला आहे. कोणाचीही माहिती मिळताच मी तेच करते. तो काय आला ते इथे लिहीत नाही. माझे अंदाज सहसा चुकत नाहीत, असं मी तुला पहिल्याच पत्रात लिहिलं होतं. हा चुकावा म्हणून मी रोज हात जोडते आणि कोणापुढे जोडते ते मला माहीत नाही.

बाबा विचारतात. मी काही सांगत नाही. आता तेही फारसं विचारत नाहीत, मी आत आले की भिंतीकडे तोंड करतात.

आमच्या लिफ्टमध्ये यंत्राचा आवाज बसवला आहे. मजले आता कोणीतरी पत्र्यासारख्या गळ्याने सांगतं. पण बसवणारे घाईत होते. जास्त वजनाचं वाक्य क्वचितच वाजतं, ते बदलायचं राहून गेलं. ते अजून तुझंच आहे. परवा पाहुण्यांची गर्दी झाली तेव्हा अचानक तू बोललीस, आणि माझ्या हातातल्या फायली खाली पडल्या.

माझ्या एकटीच्या वजनाने ते वाजत नाही. मी लिफ्टमध्ये एकटी उभी राहून पाहिलं, उड्याही मारून पाहिल्या. म्हणून आता कार्यालय सुटताना मी खाली जात नाही, दाराशी बाजूला थांबते. लिफ्ट खच्चून भरू देते. लोक म्हणतात, या ना बाई, मावाल, तुमचं वजन ते काय. मग मी सगळ्यात शेवटी आत पाऊल टाकते.

‘वजन मर्यादेपेक्षा जास्त झालं आहे,’ तू म्हणतेस. दम कुठेही तुटत नाही. ‘शेवटी आलेल्यांनी कृपया बाहेर यावं.’

सगळे माझ्याकडे बघतात. मी बाहेर येते.